सही करण्याआधी

अमेरिकेत फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायला निघालेल्या मराठी मुलामुलींना खुलं पत्र

मुलांनो,

मी टेक्सासमध्ये विमान चालवायला शिकवते. मूळची वाईची. तुमच्यातले बरेच जण मला रॅम्पवर (विमानं उभी असतात तिथे), मंडळाच्या गणपतीत, नाहीतर कुणाच्या तरी आईच्या ओळखीने भेटता. कुणी भारतातून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेलं असतं, कुणी इथेच जन्मलेलं. भेटलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, सीएफआय (विमान शिकवायचं सर्टिफिकेट) किती दिवसांत होतं?" मग, "कुठे लवकर होतं?" आणि मग, "खर्च किती येतो?" हे प्रश्न चुकीचे नाहीत. डोक्यावर कर्ज असतं, व्हिसाची मुदत पळत असते, घरचे रोज फोनवर विचारतात. पण आजवर एकानेही मला विचारलं नाही की ताई, विद्यार्थ्याच्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) पहिल्या सोलोची, म्हणजे एकट्याने उडण्याची, सही केलीस तेव्हा तुला काय वाटलं होतं? मला तर त्याबद्दलच सगळ्यात जास्त सांगायचंय. म्हणून हे पत्र.

तुम्ही सीएफआयकडे का वळता ते मी जाणते, मीही तशीच वळले होते. कमर्शिअल, म्हणजे पैसे घेऊन उडवायचं सर्टिफिकेट, हातात येतं तेव्हा उड्डाणाचे जेमतेम अडीचशे तास झालेले असतात आणि इथल्या एअरलाइनला हवे असतात १५००. एव्हिएशनची पदवी असेल तर हजारावर भागतं, तरीही मधली दरी मोठीच. ती भरायचा सरळ मार्ग म्हणजे शिकवणं. विमानाचं भाडं विद्यार्थी भरतो, तास दोघांच्याही लॉगबुकात चढतात. एफ-१ वाल्यांना ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात, त्यात जेवढे जमतील तेवढे तास. त्यामुळे शिकवणं हा मधला थांबा होऊन बसतो. एसटी बदलायला उतरावं तसं उतरायचं आणि पुढची गाडी आली की निघायचं.

हा १५०० चा आकडा आला कुठून, ते मात्र एकदा नीट आठवा. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे विमान पडलं. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते कोसळलं तिथला एक, अशी ५० माणसं गेली. उतरायच्या तयारीत असताना वेग घटत गेला, स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटणं, जवळ आलाय हे सांगायला स्टिक शेकर थरथरला, आणि कॅप्टनने नाक खाली करायचं सोडून कंट्रोल कॉलम मागे ओढला. स्टॉल आला की आधी पुढे ढकलायचं, हे आपण सेसना या छोट्या शिकाऊ विमानात विद्यार्थ्याला पहिल्या पाच-सात धड्यांतच शिकवतो. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले, २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन पायलटचं सर्टिफिकेट) आणि त्याचे तास लागू झाले. म्हणजे तुम्ही जे तास भरायला निघालात ते एका स्टॉलमुळे आलेले आहेत. आणि ते भरताना तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी आयुष्यातला पहिला स्टॉल शिकवणार आहात.

आता कागदावर काय लागतं ते सांगते, कारण अर्धवट माहितीवर चालणारे फार भेटतात. वय १८, इंग्रजी लिहिता-वाचता-बोलता येणं, कमर्शिअल किंवा एटीपी, विमानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवायची पात्रता), आणि ज्या कॅटेगरी-क्लासमध्ये (विमानाच्या प्रकारात) शिकवायचं त्यात किमान १५ तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे. दोन लेखी परीक्षा, एक एफओआय म्हणजे शिकवण्याच्या शास्त्राची आणि दुसरी विमानविषयक ज्ञानाची. लॉगबुकात एन्डॉर्समेंट (इन्स्ट्रक्टरच्या सहीच्या नोंदी) लागतात त्या एफओआयच्या प्रशिक्षणाची, चेकराइडसाठी (परीक्षकासमोरच्या परीक्षेसाठी) ठरलेल्या सगळ्या विषयांत तयार असल्याची, आणि स्पिनची (स्टॉलनंतर विमान गोल फिरत खाली येतं त्याची). मग तोंडी आणि विमानातली परीक्षा. ती परीक्षा ३१ मे २०२४ पासून पीटीएस या जुन्या निकषांऐवजी एसीएस या नव्या निकषांवर होते, त्यामुळे सीनियरने दिलेला जुना बाइंडर डोळे झाकून वापरू नका.

यात एक गोष्ट लक्षात आली का? पार्ट ६१ (वैमानिकांच्या सर्टिफिकेटांचे नियम) खाली सीएफआयच्या प्रशिक्षणाला किमान तासच नाहीत. पार्ट १४१ च्या, म्हणजे ठरीव अभ्यासक्रमाची मान्यता असलेल्या, शाळेत ४० तास ग्राउंड (जमिनीवरचं शिकवणं) आणि २५ तास उड्डाण ठरलेलं आहे, पण पार्ट ६१ मध्ये आकडा नाही. प्रायव्हेटला (हौशी वैमानिकाच्या सर्टिफिकेटला) आकडा आहे, कमर्शिअलला आहे, शिकवणाऱ्याला नाही. तुमचा इन्स्ट्रक्टर "हा तयार आहे" म्हणून सही करतो, ती सही हेच मोजमाप. तो मनापासून शिकवणारा असेल तर दीड-दोन महिने घासून घेईल. नसेल तर दहा दिवसांत तुम्ही चेकराइडला बसाल, आणि कदाचित पासही व्हाल. दहा दिवसांचं सीएफआय अशी जाहिरात दिसली की माझ्या पोटात गोळा येतो, तो याचसाठी.

एफओआयला तुम्ही सगळे नाक मुरडता. "ते पाठ करून टाकायचं, पन्नास प्रश्न तर आहेत." माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी अभ्यास करत होते तेव्हा व्हिडिओ कॉलवर तिला थॉर्नडाइकचे शिकण्याचे नियम वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "अगं, डी.एड.ला हेच होतं आम्हाला." आणि मग अर्धा तास तिने मला पहिलीच्या वर्गातली उदाहरणं दिली. एखाद्या मुलाने 'अ' उलट्या बाजूने गिरवायला सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात कुणी हात धरून सुधारलं नाही, तर चौथीपर्यंत ते वळण जात नाही. आपल्या हँडबुकात याला लॉ ऑफ प्रायमसी म्हटलंय. पहिल्या तीन लँडिंगला विद्यार्थ्याने धावपट्टीच्या जवळच्या कडेकडे बघत फ्लेअर केला (टेकायच्या आधी नाक अलगद वर घेतलं) आणि तुम्ही काही बोलला नाहीत, तर पुढे तीस लँडिंग त्याच्याशी झगडाल. एक मजेशीर नियमही आहे. इथल्या राज्याचं सातवी आणि पुढच्या वर्गांना शिकवण्याचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे, त्याला एफओआयची लेखी परीक्षा माफ असते. शिक्षक हा शिक्षक असतो, हे एफएएलाही (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकालाही) मान्य आहे, आणि मला हा नियम फार आवडतो.

त्याच पुस्तकात शिकण्याच्या चार पायऱ्या आहेत: घोकणं, समजणं, वापरणं, सांगड घालणं. तुम्ही चारही पाठ म्हणता. पण विद्यार्थ्याला "स्टॉल कशाने होतो?" विचारल्यावर तो "क्रिटिकल अँगल ऑफ अटॅक ओलांडल्यामुळे" असं घडाघडा म्हणाला की खूश होऊन पुढे जाता. तो पहिल्याच पायरीवर उभा आहे. त्याला विचारा, "बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेत) वळताना वारा मागून ढकलतोय, धावपट्टी बाजूला निसटतेय, आता तुझा पाय काय करेल?" पाय आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पॅडल) दाबायला जाईल हे त्याने स्वतः ओळखलं, आणि ते का घातक हे सांगितलं, की समजा सांगड लागली.

उजव्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, सीटवर बसणं हे सोपं वाटतं, ते नाही. अडीचशे तास डावा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) आणि उजवा थ्रॉटलवर असतो, आता सगळं उलटं. एअरस्पीड इंडिकेटर (वेगमापक) पार पलीकडे, तिरका दिसतो आणि दोन-चार नॉट्स चुकीचे वाचले जातात. सेंटरलाइनचा अंदाज जातो. पहिल्या आठवड्यात माझी चाकं रोज रेषेच्या एका बाजूला पडायची. हे सरावाने जमतं. जमत नाही ते उडवता उडवता बोलणं. शँडेल (चढत चढत उलट दिशेला वळणं) करताना तोंडाने सांगायचं की आता बँक (पंखांचा तिरपेपणा) स्थिर, पिच (नाकाचा चढ) वाढतोय, वेग उतरतोय म्हणून उजवा पाय वाढवतेय, आणि वाक्य आणि विमान एकाच क्षणी एकाच जागी असलं पाहिजे. माझं वाक्य नेहमी विमानाच्या मागे पडायचं. मग मी गाडी चालवताना मोठ्याने बोलायला लागले, "क्लच, गिअर, आरसा," सिग्नलवर लोक बघायचे. दोन आठवडे लागले. तुम्हालाही लागतील, तेवढे द्या.

आता स्पिनबद्दल. इथे मी थांबून सांगणार आहे.

१९४९ पर्यंत या देशात साध्या प्रायव्हेट पायलटलाही स्पिन करून दाखवावा लागायचा. मग ती अट काढली आणि भर स्टॉल ओळखण्यावर, टाळण्यावर दिला गेला. विमानाच्या सर्टिफिकेटांमध्ये आज ती अट उरलीय ती फक्त इन्स्ट्रक्टरला. त्या एन्डॉर्समेंटची भाषा वाचा. स्पिन "करता येतो" एवढंच त्यात नाही. स्टॉलची जाणीव, स्पिनमध्ये जाणं, स्पिन आणि त्यातून बाहेर येणं, हे शिकवता येण्याइतकं जमतं, असं तुमचा इन्स्ट्रक्टर लिहून देतो. स्पिनला मान्यता असलेल्या विमानात ते प्रत्यक्ष शिकवून मगच.

माझी ती सही कशी झाली ते सांगते. चेकराइडची तारीख ठरलेली होती. आदल्या आठवड्यात मी आणि माझे इन्स्ट्रक्टर वर गेलो, त्यांनी एकदा करून दाखवला, मग मी एकदा केला. विमान जेमतेम अर्धं वळलं असेल तोवर त्यांनी "गुड, रिकव्हर" म्हटलं. आम्ही खाली आलो आणि हॉब्स मीटर (तास मोजणारं घड्याळ) बंद व्हायच्या आत लॉगबुकात सही झाली होती. मला कळत होतं की मला काहीही आलेलं नाही. डावीकडचा केला होता, उजवीकडचा नाही. पूर्ण वळण पाहिलंही नव्हतं. मी गप्प बसले, कारण तारीख हातची गेली असती तर पुन्हा दोन महिने मिळाली नसती. परीक्षेत स्पिनवर तोंडी प्रश्न आले, ते मला पाठ होते.

चार महिन्यांनी एका निवृत्त गृहस्थांना पॉवर-ऑन स्टॉल (इंजिनाच्या जोरावर चढताना होणारा) शिकवत होते. सेसना १७२, जमिनीपासून चार हजार फूट. नाक वर, पूर्ण पॉवर, उजवा रडर कमी पडत होता आणि विमान बाजूला घसरतंय हे दाखवणारा बॉल उजवीकडे सरकत होता. मी तोंडाने "राइट रडर, राइट रडर" म्हणत होते, पाय लावला नव्हता. डावा पंख पडला. त्यांनी जे कुणीही करेल ते केलं, योक जोरात उजवीकडे फिरवला. समोरचं क्षितिज गेलं आणि काचेत फक्त मक्याचं शेत, गोल फिरणारं. पॉवर बंद, एलेरॉन (विमान कलवणारे पंखावरचे पडदे) मध्ये, उलट्या बाजूचा रडर पूर्ण, योक पुढे: हे चार शब्द मी शंभर वेळा फळ्यावर लिहिले होते. हात ते करायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्यांचे हात योकवर आवळलेले होते आणि मला ओरडून सांगावं लागलं, "सोडा!" बाहेर आलो तेव्हा बाराशे फूट गेले होते. एका वळणाच्या स्पिनला किमान हजार फूट धरा असं त्या विमानाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे, ते मला तोंडपाठ होतं.

ते गृहस्थ खाली उतरल्यावर माझे आभार मानत होते. त्यांना वाटलं, मी त्यांना वाचवलं. मी त्यांना खरं सांगितलं, की आधीच पाय लावायला हवा होता, चूक माझी आहे. त्या रात्री मी माझं लॉगबुक काढून ती स्पिनची सही कितीतरी वेळ बघत बसले.

पुढच्या महिन्यात पदरचे पैसे घालून मी एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरकडे गेले. त्यांच्याकडे सिटाब्रिया होतं, एकामागे एक बसायचं, योकऐवजी स्टिक. तीन दिवस आम्ही डावीकडून, उजवीकडून स्पिन केले, एक वळण, दोन वळणं. सुरुवातीला त्यांनी मला फक्त मोजायला लावलं. मग बोलायला लावलं. मग ते स्वतः विद्यार्थी झाले आणि मुद्दाम चुका करायला लागले, आणि त्या कधी ओळखायच्या हे मला ठरवायचं होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी तीन हजार फुटांवर "ही जमीन समज" म्हटलं आणि त्याच्या हजार फूट वरून बेस-टू-फायनलचं वळण करायला लावलं. वळण पुरत नाही म्हणून आतला रडर, त्याने नाक खाली जातं म्हणून स्टिक मागे. विमान पोटाखाली उलटल्यासारखं गेलं. मी बरोबर बाहेर काढलं, लगेच काढलं, आणि तरीही आम्ही त्या मानलेल्या जमिनीच्या किती जवळ आलो होतो ते त्यांनी बोटाने अल्टिमीटरवर दाखवलं. खऱ्या पॅटर्नमध्ये (विमानतळाभोवतीच्या फेरीत) बेस-टू-फायनलला एवढी उंचीही हाताशी नसते. तेवढं दाखवून ते काहीही न बोलता परत वळले.

म्हणून माझी पहिली विनंती. तुमच्या इन्स्ट्रक्टरला आधीच विचारा: स्पिन कोणत्या विमानात, किती, दोन्ही बाजूंनी का, आणि मी शिकवून दाखवेपर्यंत का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोधा. नव्या सीएफआयला घडवणाऱ्याकरता नियमही वेगळे आहेत. विमानासाठी त्याने किमान २४ महिने सर्टिफिकेट बाळगलेलं आणि २०० तास शिकवलेलं असावं, असा जुना मार्ग आहे. २०२४ च्या बदलानंतर आणखी मार्ग आले आहेत, उदाहरणार्थ गेल्या २४ महिन्यांत किमान पाच जणांना परीक्षेला बसवून त्यांतले ८० टक्के पहिल्या प्रयत्नात पास झालेले असणं. कायद्याने पात्र असणारा आणि घासून घेणारा यांत फरक असतो. त्याच्या हाताखालून गेलेल्या दोघांशी बोला. खर्चाबद्दल नको, त्यांनी उडवलेल्या स्पिनबद्दल बोला.

आता त्या पहिल्या सोलोच्या सहीबद्दल.

आमच्याकडे पोहायला विहिरीत शिकवतात. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काकाने ढकलून द्यायचं. पंधरा दिवस डबा असतो, मग लहान डबा येतो, आणि एक दिवस काका पायरीवर बसलेल्या पोराच्या पाठीवरची दोरी सोडतो. तो दिवस काका ठरवतो. पोर कितीही म्हणालं "येतं मला", तरी तो आधी बघतो की दम कुठे लागतो, नाकात पाणी गेल्यावर घाबरतं का. आणि दोरी सोडली तरी तो स्वतः पाण्यातच असतो, हातभर अंतरावर.

सोलोला आपण पाण्यात नसतो. दार लावून घेतो, रॅम्पवर उभे राहतो, हातात रेडिओ असला तर असतो. चाकं सुटली की तुमच्या हातात काही उरत नाही. जे काही करायचं ते आधीच करून झालेलं असलं पाहिजे. नियमही तेच सांगतो: सोलोच्या आधी तुम्ही स्वतः लेखी परीक्षा घ्यायची, त्यात तुमच्या विमानतळाचे आणि तिथल्या एअरस्पेसचे (हवाई हद्दीचे) नियम, त्या मेक-मॉडेलच्या मर्यादा, आणि चुकलेलं प्रत्येक उत्तर बसून समजावायचं. इंजिन बंद पडलं तर काय, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं), स्लिप (तिरकं घसरत उतरणं), स्टॉल, सगळं करून घ्यायचं. मग त्या एकाच मेक-मॉडेलसाठी ९० दिवसांची सही. नव्वद दिवस झाले की ती संपते. सोलो क्रॉस-कंट्रीला (एकट्याने दूरच्या विमानतळाला जाण्याला) तर बहुतेक प्रत्येक वेळी त्याचं नियोजन, त्या दिवशीचं हवामान पाहून नवी सही. हा जाच वाटतो, पण विद्यार्थ्याला न कळलेली गोष्ट पकडायची शेवटची जागा तीच असते.

युरोपात नवा इन्स्ट्रक्टर आधी बांधलेला असतो. १०० तास शिकवून आणि २५ सोलो उड्डाणांवर देखरेख करून होईपर्यंत तो दुसऱ्याच्या नजरेखाली शिकवतो, पहिली सोलो स्वतःच्या जबाबदारीवर सोडू शकत नाही. भारतातही असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर ही पहिली पायरी आहेच, तिथेही वर अनुभवी माणूस असतो. अमेरिकेत असं काही नाही. सोमवारी चेकराइड पास झालात तर मंगळवारी तुम्ही सोलोची सही करू शकता. बावीस वर्षांचा मुलगा, तीनशे तास, आणि त्याच्या सहीवर सोळा वर्षांची मुलगी एकटी उडते. इथल्या नियमाने तुमच्यावर फार मोठा विश्वास टाकलाय. माझं म्हणणं असं की ती पायरी नियमात नसली तरी आपण आपल्यापुरती बांधून घेऊ. पहिल्या पाच विद्यार्थ्यांना सोलोआधी एखाद्या जुन्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक उड्डाण करायला लावा. काही चांगल्या शाळांत हे होतंच. तुमच्या शाळेत होत नसेल तर तुम्ही मागा. त्यात कमीपणा नाही.

माझी पहिली सोलोची विद्यार्थिनी ह्यूस्टनच्या शाळेत शिकवणारी बाई होती. तिसऱ्या लँडिंगनंतर मी तिला टॅक्सीवेवर थांबायला सांगितलं, लॉगबुक मांडीवर घेतलं आणि लिहायला लागले. तारीख, मेक-मॉडेल, माझा नंबर. सही करताना पेन थांबलं. मी मनात तिचे शेवटचे दहा लँडिंग पुन्हा बघितले. एकात तिने वाऱ्याच्या झोतात स्वतःहून, मी न सांगता, पॉवर देऊन गो-अराउंड केलं होतं. ते आठवलं आणि सही केली. ती तीन फेऱ्या मारून आली तोवर मी उन्हात उभी होते, आणि प्रत्येक फायनलला माझा उजवा पाय बुटात दाबला जात होता. उतरल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या शर्टाची मागची बाजू कापली, तिचं नाव, तारीख लिहून भिंतीवर लावली.

तुमच्यावर दबाव येईल, हे आत्ताच सांगून ठेवते. शाळा म्हणेल, विमान रिकामं आहे, त्याला आज सोलो करून टाक. विद्यार्थ्याचे वडील म्हणतील, पैसे संपत आलेत. तुम्हालाही महिन्याचे तास मोजायचे असतील. एका शाळेत मी एका मुलाला सोलोला नाही म्हटलं, तर दोन दिवसांत तो दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला दिला गेला आणि माझं वेळापत्रक महिनाभर रिकामं राहिलं. भाडं उसनं घेऊन भरलं. तरी ते नाही मला आजही बरोबर वाटतं. कोणत्याही सलग २४ तासांत आठ तासांपेक्षा जास्त उड्डाणाचं शिक्षण देऊ नका असा नियम आहे, तोही कुणीतरी वाकवायला सांगेल. वाकवू नका. आणि न केलेलं लॉगबुकात लिहू नका, कुणासाठीही, मित्रासाठीही नाही. तेवढ्यावरून सगळी सर्टिफिकेटं जाऊ शकतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती नोंद खरी मानून पुढचा इन्स्ट्रक्टर त्या मुलाला एक पाऊल पुढे सोडतो.

चेकराइडची भीती बाळगू नका. तोंडी परीक्षा सकाळी सुरू होऊन जेवणाच्या वेळेपलीकडे जाते, फळ्यावर शिकवायला लावतात, परीक्षक मुद्दाम बावळट विद्यार्थी होतो. पहिल्यांदा नापास होणारे पुष्कळ असतात, चांगले वैमानिकही. घरच्यांनो, हे पत्र तुमच्या वाचनात आलं तर मुलाला त्या दिवशी "आता किती खर्च वाढला" हे विचारू नका. पुन्हा शिकून जाणारा मुलगा बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात पास झालेल्यापेक्षा चांगला शिकवतो, हे मी बघितलंय.

आणखी एक, भाषेचं. तुमच्याकडे भारतातून आलेली मुलं शिकायला येतील. नागरिकत्वाची कागदं, टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी हे सगळं त्यांच्याआधी तुम्हाला बघावं लागेल, ते नीट बघा. रेडिओवरचं बोलणं इंग्रजीतच, त्यात तडजोड नाही. पण मुलाचा चेहरा कोरा दिसला तर ग्राउंडला मराठीत समजावा. एका कोल्हापूरच्या मुलाला अॅडव्हर्स यॉ कळत नव्हता. आकृत्या काढून दमले. शेवटी म्हटलं, होडीत बसलायस, एका बाजूचं वल्हं पाण्यात रोवून धरलं तर होडी कुठे वळेल? त्या बाजूला. तसं डावीकडे वळताना उजव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, तो हवेत रोवलेल्या वल्ह्यासारखा ओढतो, म्हणून नाक आधी उजवीकडे जातं. तो म्हणाला, "म्हणजे पायाने होडी सरळ ठेवायची." त्यानंतर त्याचा बॉल हलला नाही.

सर्टिफिकेटवरची मुदत १ डिसेंबर २०२४ पासून गेली. आता दर २४ महिन्यांनी तुम्ही चालू आहात हे दाखवायचं असतं, विद्यार्थ्यांना परीक्षेला बसवून किंवा रिफ्रेशर करून. म्हणजे एअरलाइनला गेलात तरी हे सोडून द्यायची गरज नाही. काहींनी भारतात परत जाऊन शिकवावं असंही मला फार वाटतं. बारामती, गोंदिया, धुळे इथे आपलीच मुलं शिकतायत, आणि त्यांना उजव्या सीटवर मनापासून बसणारी माणसं हवी आहेत. तिथले नियम डीजीसीएचे, वाट वेगळी, पण स्टॉल तोच आहे.

ज्यांना सोलोला आणि परीक्षेला पाठवलं त्यांची नोंद इन्स्ट्रक्टरने तीन वर्षं ठेवावी असा नियम आहे. मी तीन वर्षांनी फाडत नाही. एक साधी दोनशे पानी वही आहे, आईने वाईहून पाठवलेली. प्रत्येक नावापुढे तारीख, विमान, आणि त्या दिवशी त्या माणसाने स्वतःहून केलेली एक बरोबर गोष्ट लिहिलेली. पहिल्या पानावर त्या ह्यूस्टनच्या बाईंचं नाव आहे आणि पुढे एवढंच, "झोत आला, न सांगता गो-अराउंड." तुम्ही सीएफआय झालात की अशी एक वही घ्या, आणि पहिलं नाव लिहिलंत की मला येऊन दाखवा.

तुमची,
ताई
एक मराठी फ्लाइट इन्स्ट्रक्टर, टेक्सास